आल्यात ना सगळ्या, मग थांबल्यात कशाला?

आईच्या बॅगेची चेन बसत नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला निघायचं होतं, बॅग गच्च भरून झाली होती, आणि रनर या टोकापासून त्या टोकापर्यंत मुकाट सरकत होता. फक्त त्याच्या मागे दात जुळत नव्हते. दोन्ही काठ एकमेकांना खेटून उभे, मधे कागद जाईल एवढीही फट नाही, आणि तरी बोट लावलं की सगळं उघडं. आई जमिनीवर मांडी घालून मेणबत्तीचा तुकडा दातांवरून फिरवत होती. मी शेजारी लॅपटॉप घेऊन जुने फोल्डर आवरत होते. प्रयोगशाळा सोडून बरीच वर्षं झाली, पण तिथली छायाचित्रं पुसायला हात धजावत नाही. दर वेळी आवरायला म्हणून बसते आणि बघत राहते. त्यातल्या एका काळ्यापांढऱ्या चित्रावर मी जरा जास्तच रेंगाळले असणार, कारण आईनं मान वर करून विचारलं, "हे काय गं?"

"झाडाची पेशी. एकीच्या दोन होताना."

"आणि हे मधले गोल गोल?"

"पुटिका म्हणतात त्यांना. बारीक बारीक पिशव्या समज. त्यांच्यापासून मधली भिंत तयार होते."

तिनं चष्मा नाकावर नीट बसवला आणि वाकून पाहिलं. "भिंत कुठाय?"

"झालीच नाही."

"आल्यात ना सगळ्या? रांगेत उभ्या आहेत की. मग थांबल्यात कशाला?"

मी म्हटलं, "त्यांच्याकडे एक प्रथिन नाहीये." ती नुसतं "हं" म्हणाली आणि पुन्हा चेनकडे वळली. माझं उत्तर चुकीचं नव्हतं. परीक्षेत लिहिलं असतं तर पूर्ण गुण मिळाले असते. पण रात्री दिवा मालवून पडले तरी तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. काय नाही ते मी तिला सांगितलं होतं. तिनं विचारलं होतं ते वेगळंच: इथवर आलेल्याला पुढचं पाऊल टाकायला आणखी काय लागतं?

ते छायाचित्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखालचं. अरॅबिडॉप्सिस हे मोहरीच्या कुळातलं एक बारकं तण. वनस्पतींवर काम करणाऱ्या निम्म्या जगाचं आयुष्य या तणाभोवती फिरतं. त्याच्या भ्रूणातली ही एक पेशी. डावीकडे एक केंद्रक, उजवीकडे एक. म्हणजे गुणसूत्रांची वाटणी व्यवस्थित पार पडलेली. मधोमध जिथं भिंत यायची तिथं वर्तुळांची ओळ, कुणी मऊ कागदावर टाचणीनं टोचत गेल्यासारखी. एकेक पुटिका साधारण ६० ते ८० नॅनोमीटरची, आणि आपण सूक्ष्मदर्शकासाठी घेतलेला काप जवळपास तेवढ्याच जाडीचा. म्हणजे एका कापात एक पुटिका येते आणि संपते. ती कापायला सापडली हेच नशीब. तरी त्या चित्रात त्या कितीतरी होत्या. गॉल्जीपासून, म्हणजे पेशीतल्या माल बांधून पाठवणाऱ्या विभागापासून निघून, सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून, बरोबर ज्या पातळीत भिंत हवी त्याच पातळीत येऊन उभ्या. पत्ता चुकला नव्हता, वाट चुकली नव्हती, वेळही चुकली नव्हती. काही काही तर एकमेकींना टेकलेल्या. आणि टेकलेल्या असूनही प्रत्येकीचं वर्तुळ पूर्ण, प्रत्येकीची कड शाबूत.

पटलं, म्हणजे पेशीचे आणि पुटिकांचे पातळ पडदे, एकमेकांत आपोआप मिसळत असतील असं आपल्याला उगाचच वाटतं. पाण्यावर तेलाचे दोन थेंब जवळ आले की एक होतात, तसं. पण पेशीपटलाचं तसं नाही. त्याच्या रेणूंच्या तेलकट शेपट्या आत तोंड करून असतात आणि पाण्याची ओढ असलेली डोकी बाहेर. त्या डोक्यांना पाण्याचे रेणू असे बिलगलेले असतात की दोन पटलं जवळ आणायची म्हणजे आधी ते पाणी पिळून काढायचं. शंभर पावलं चालून येणं सोपं. शेवटचे एकदोन नॅनोमीटर अवघड. त्या अंतरात जो विरोध होतो तो नुसत्या धक्क्यानं किंवा वाट बघून मोडत नाही. आणि हे बरंच आहे म्हणायचं. पटलं अशी सहज एकमेकांत विरघळत असती तर पेशीत आत-बाहेर असं काही उरलंच नसतं. रिक्तिकेतलं, म्हणजे पेशीतल्या पाण्याच्या मोठ्या पिशवीतलं आम्ल, गॉल्जीतली साखर, पुटिकेतला ऐवज, सगळ्याचा एकच काला झाला असता. म्हणजे ज्या अडवणुकीमुळे पेशी पेशी म्हणून टिकते, तीच अडवणूक ठरावीक ठिकाणी, ठरावीक क्षणी मोडायची असते. हे मोडण्याचं काम स्नेअर नावाच्या प्रथिनांचं.

स्नेअर म्हणजे इंग्रजीत फास. मला मात्र फासापेक्षा दोर जवळचा वाटतो. पुटिकेच्या पटलातून एक पदर बाहेर आलेला असतो, जिथं मिसळायचं त्या पटलातून तीन. प्रत्येक पदर अमीनो आम्लांच्या साठ-सत्तर दुव्यांचा. एकेकटे असताना हे पदर बहुधा सैल, आकारहीन लोंबत असतात. एकमेकांजवळ आले की मोकळ्या टोकाकडून पीळ बसायला लागतो, आणि पीळ जसजसा पटलांच्या दिशेनं चढत जातो तसतशी दोन्ही पटलं एकमेकांकडे खेचली जातात, मधलं पाणी निघून जातं आणि शेवटी दोन कडांची एक कड होते. १९९८ मध्ये मेंदूतल्या अशा चौपदरी पिळाची स्फटिकातून काढलेली रचना प्रसिद्ध झाली. त्यात १६ थर दिसतात, आणि त्यांतला मधला थर, ज्याला शून्य क्रमांक दिलाय, तो बाकीच्यांसारखा नाही. बाकी थर तेलकट, पाण्यापासून तोंड लपवणारे. शून्य थरात मात्र तीन पदरांकडून तीन ग्लुटामिन आणि चौथ्याकडून एक आर्जिनिन येऊन एकमेकांना धरतात. यीस्ट घ्या, माणूस घ्या, तण घ्या, हा तीनास एक हिशोब जवळपास सगळीकडे तोच. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते. इतक्या दूरच्या जिवांनी एकच गाठ मारायला शिकावं, आणि तीही इतक्या नेमक्या जागी.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही" ही म्हण या प्रथिनांबाबत जवळजवळ शब्दशः खरी आहे. प्रयोगशाळेत प्रथिनं सुटी करायची तर ती साबणासारख्या एका जहाल रसायनात घालतात; भलीभली प्रथिनं त्यात आपला आकार सोडून सरळ होतात. मेंदूतल्या स्नेअरांचा बसलेला पीळ त्यातही टिकतो. उकळल्याशिवाय सुटत नाही. आणि चेनशी असलेलं साम्य इथंच संपतं, किंवा खरं तर उलटं होतं. चेन लावायला रनर लागतो. स्नेअरांना जुळायला बाहेरून ऊर्जा द्यावी लागत नाही. जुळण्यातच ऊर्जा सुटते आणि त्याच ऊर्जेवर पटलं एक होतात. रनर लागतो तो सोडवायला. एनएसएफ नावाचं सहा भागांचं एक कडं येतं, एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, खर्च करतं आणि तो पीळ उलगडून पदर पुन्हा सुटे करतं. जुळणं फुकटात, सुटं होणं मोलानं. सुटं केलं नाही तर तेच पदर पुढच्या पुटिकेसाठी निरुपयोगी, म्हणून पेशी हा खर्च जन्मभर करत राहते.

या कुटुंबाचा शोध लागला तो झाडात नाही. १९९३ मध्ये जेम्स रॉथमन यांच्या गटानं गाईच्या मेंदूच्या अर्कातून ही प्रथिनं बाहेर काढली. चेतातंतूंच्या टोकाशी रसायनांच्या पुटिका रिकाम्या होतात त्या यांच्याच जोरावर. धनुर्वाताचं विष यांतलाच एक पदर कापतं. यीस्टमध्ये रँडी शेकमन यांनी वाहतूक अडकलेले वाण आधीच शोधून ठेवले होते, टोमास झ्यूडहोफ यांनी चेतापेशीत हे सगळं वेळेवर कसं घडतं त्याचा छडा लावला, आणि २०१३ चं नोबेल तिघांना मिळून मिळालं. झाडांची गोष्ट मात्र दुसऱ्या दारानं आली, आणि मला ती जास्त प्रिय आहे, कारण ती शोधायला निघालेल्यांना आपण काय शोधतोय हेच ठाऊक नव्हतं.

गेर्ड युर्गेन्स आणि त्यांचे सहकारी अरॅबिडॉप्सिसच्या रोपांत शरीराचा आराखडाच बिघडलेली रोपं हुडकत होते. वर काय, खाली काय, आत काय, बाहेर काय हे झाडाला कोण सांगतं, हा त्यांचा प्रश्न. १९९१ मध्ये त्यांनी जी यादी प्रसिद्ध केली तिच्यात एक रोप होतं गोळामोळा, खडबडीत, त्याला धड बाह्यत्वचाही नाही. जर्मनमध्ये कंदाला क्नोल्ले म्हणतात, तेच नाव पडलं. आणखी एकाला कॉयले, म्हणजे सोटा. तेव्हा वाटलं, आतबाहेरचा आराखडा ठरवणारं हे जनुक असणार. १९९६ मध्ये लुकोवित्स, मायर आणि युर्गेन्स यांनी ते जनुक वाचून काढलं आणि त्याचं साम्य निघालं मेंदूतल्या सिंटॅक्सिनशी, म्हणजे स्नेअर कुटुंबातल्या एका पदराशी. आराखडा ठीकच होता. बिचाऱ्या रोपाला भिंती पुऱ्या करता येत नव्हत्या. पुढच्याच वर्षी हेही दिसलं की ते प्रथिन विभागणाऱ्या पेशीच्या बरोबर मध्यावर असतं, आणि ते नसलं की पुटिका तिथवर येतात आणि न मिसळता राहतात. आईनं पाहिलं ते हेच.

त्या रोपांशी माझी ओळख कागदावरची नाही. क्नोल्लेचे दोन्ही अंश, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती, बिघडलेलं रोप मोठं होत नाही, फुलत नाही, बी धरत नाही. त्यामुळे हा वाण वाढवायचा तर एक चांगला आणि एक बिघडलेला अंश असलेल्या झाडांवरच. अशा झाडाचं बी बशीतल्या पारदर्शक जेलीवर पेरलं की चारांतलं एक रोप गोळा निघतं. पाचव्या-सहाव्या दिवशी बशी भिंगाखाली घ्यायची आणि मोजायचं. सरळ, सरळ, सरळ, गोळा. निरोगी रोपांची पांढरी मुळं दोऱ्यासारखी जेलीत उतरलेली, वर दोन दलिका उघडून बसलेल्या, आणि मधेच हा एक हिरवट खडबडीत गोटा, बाहेरून सुजलेला, मुळाचा पत्ता नाही. तो मेलेला नसतो. हिरवा असतो. चिमट्याच्या टोकानं उचलताना त्याचं वजन जाणवत नाही, पण आपण त्याला नीट धरतो आहोत ना याची काळजी वाटते. वहीत त्याच्या नावाची एक उभी रेघ ओढायची. चारास एक हे प्रमाण जुळलं की प्रयोग बरोबर चालल्याचं समाधान व्हायचं, आणि त्या समाधानाबरोबरच घशात काहीतरी अडकायचं. या दोन भावना एकाच वेळी असू शकतात हे मी त्या खोलीत शिकले.

गोट्याच्या आत पाहिलं की कळायचं तो असा का आहे. एका पेशीत दोन केंद्रकं. कुठं भिंतीचा अर्धवट तुकडा कडेपासून आत आलेला आणि मधेच संपलेला. काही भिंती तरीही कशाबशा पूर्ण झालेल्या, कारण दुसरं एक सिंटॅक्सिन थोडंफार काम उचलतं. क्नोल्ले आणि कॉयले दोन्ही एकदम बिघडवले तर मात्र भ्रूण एकाच पेशीचा राहतो, आणि त्या एका पेशीत केंद्रकांवर केंद्रकं साठत जातात. कॉयले हा स्नेअर नाही. तो क्नोल्लेला उघडा धरून ठेवणारा हात आहे; सिंटॅक्सिनला स्वतःवरच दुमडून बसायची सवय असते, आणि दुमडलेला पदर कुणाशी जुळणार? चेन लावताना आपण खालच्या टोकाशी दोन्ही काठ चिमटीत धरतो ना, काहीसं तसं. ती चिमूट नसेल तर रनर कितीही चांगला असो.

पेशीतली भिंत मिसळण्यातून होते, हे मला अजूनही पुरतं पचत नाही.

प्राण्यांच्या पेशी विभागताना मधोमध आवळल्या जातात, दोरीनं गळा आवळावा तशा, आणि तुटून दोन होतात. झाडाच्या पेशीला बाहेरून कडक कवच, त्यामुळे आवळणं शक्य नाही. ती मध्यापासून सुरुवात करते. पुटिका येतात, एकमेकींत मिसळतात, मिसळून नळ्यांचं जाळं होतं, जाळ्याचा पसरट चकतीसारखा थर होतो, आणि तो थर कडेकडे वाढत जाऊन जुन्या भिंतीला टेकतो. पुटिकांच्या आतला ऐवज नव्या भिंतीचा मालमसाला होतो आणि त्यांची पटलं दोन्ही बाजूंच्या नव्या पेशींचं अस्तर. म्हणजे असंख्य लहान लहान पिशव्यांनी आपापली कड सोडली तरच दोन पेशींमधे कड उभी राहते. चित्रातल्या पुटिकांनी आपलं वर्तुळ राखलं म्हणून त्या दोन केंद्रकांना आपापलं घर मिळालं नाही. हे वाक्य मी कितीदा तरी मनात उलटसुलट करून पाहिलं आहे. त्यातून आणखी काही अर्थ काढावा असं वाटत नाही. ते आहे तसंच पुरेसं विलक्षण आहे.

क्नोल्लेचं आयुष्यही बघण्यासारखं. बाकी बरीच स्नेअर पेशीत कायम असतात. हे प्रथिन फक्त पेशी विभागण्याच्या सुमाराला तयार होतं. तयार होतानाच, कारखान्याच्या पहिल्याच दालनात, ते आपल्या जोडीदार पदरांबरोबर पिळून बांधलं जातं, म्हणजे वाटेत भलत्याच पटलाला चिकटायला नको. त्या बांधलेल्या अवस्थेत मध्यापर्यंत येतं, तिथं सोडवलं जातं, कॉयले त्याला उघडं धरतं, समोरच्या पुटिकेवरचा पदर येतो आणि काम होतं. भिंत पूर्ण झाली की त्याला गोळा करून रिक्तिकेत पाठवलं जातं आणि तिथं त्याचे तुकडे होतात. पुढच्या विभाजनाला नवं. एकाच कामासाठी जन्म आणि काम झालं की निरोप. समोरच्या पुटिकेवरचे पदर, व्हँप ७२१ आणि ७२२, मात्र कायमच्या चाकरीतले. एरवीही पेशीच्या बाहेरच्या पटलाकडे माल पोचवत असतात.

आणि याच दोघांना पेशी दुसऱ्या एका कामाला लावते, जिथं उशीर झाला तर खैर नाही. पानावर भुरी पडते तेव्हा आपल्याला दिसते ती पांढरी भुकटी. पण त्याआधी एकेक बीजाणू पानावर टेकलेला असतो, त्याला अंकुर फुटलेला असतो, अंकुराच्या टोकाला चपटी गादी आणि गादीखालून भिंतीत घुसणारी सुई. खालच्या पेशीला ते कळतं. तिचा आतला प्रवाह त्या जागेकडे वळतो, पुटिका तिथं रित्या होऊ लागतात आणि आतून भिंतीला थिगळ बसतं. २००३ मध्ये अशी अरॅबिडॉप्सिस रोपं सापडल्याचं प्रसिद्ध झालं, ज्यांच्यात सातूवरची भुरी, जी खरं तर या तणाची नव्हेच, नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळा आत शिरत होती. बिघडलेलं जनुक, पेन १, पुन्हा एका सिंटॅक्सिनचं निघालं. या रोपांतही थिगळ बसतं, पण उशिरा. तोवर सुई आत गेलेली असते. पेन १, त्याचा जोडीदार स्नॅप ३३ आणि समोरून येणारे तेच व्हँप ७२१ किंवा ७२२. क्नोल्लेसमोर उभं केलं की हेच पदर भिंत घालतात, पेन १ समोर उभं केलं की भिंत राखतात. याच पेन १ चा तंबाखूतला भाऊबंद आधी, १९९९ मध्ये, पर्णरंध्रांच्या रक्षकपेशींत सापडला होता, दुष्काळाचा निरोप घेऊन येणाऱ्या संप्रेरकाला दाद देण्याच्या कामात. यीस्टकडे अशी प्रथिनं पंचवीसच्या आसपास, माणसाकडे चाळिसाच्या आत, आणि या वीतभर तणाकडे ६० च्या घरात. माणसाच्या मेंदूची एवढी थोरवी गातो आपण, आणि निरोप पोचवायचे पदर मात्र तणाकडे जास्त.

झिगझॅग नावाच्या वाणाबद्दल न लिहिता पुढे जाववत नाही. जपानमध्ये सापडलेलं हे रोप. त्याचा फुलोऱ्याचा दांडा प्रत्येक पेरापाशी वळतो, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि दांडा आडवा ठेवला तर वर उठत नाही, कारण वर कुठं ते त्याला कळतच नाही. झाडाला खालवर कळतं ते काही पेशींतल्या जड पिष्टकणांमुळे. ते ज्या बाजूला बसतात ती खालची. या पेशींचा बहुतेक भाग रिक्तिकेनं व्यापलेला असतो, आणि पिष्टकण रिक्तिकेतून आरपार गेलेल्या पेशीद्रवाच्या बारीक बोगद्यांतून खाली उतरतात. झिगझॅगमध्ये रिक्तिकेकडे जाणारा एक स्नेअर बिघडलेला. रिक्तिका नीट घडत नाही, पिष्टकण कडेला अडकून राहतात, खाली बसतच नाहीत. नजरेला दिसतो तो एक वाकडा दांडा. कुंडीतलं एखादं रोप वेडंवाकडं वाढलं की आपण उजेडाला दोष देतो, पाण्याला देतो. मी त्या वाणाचं छायाचित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दांड्याच्या प्रत्येक वळणाशी माझं बोट थांबत गेलं होतं. इथं कण बसला नाही. इथंही नाही. इथंही.

तर, पहाटेकडे. झोप लागलीच नव्हती फारशी, म्हणून उठले तर आई आधीच उठलेली. बॅग तिच्यापुढे, हातात पक्कड. "दात चांगलेच आहेत गं," ती म्हणाली, "रनर सैल झालाय. दाबतच नाही तो नीट." तिनं रनरच्या दोन्ही बाजू पकडीत धरून एकेकदा हलकेच दाबल्या, फार नाही, मोडू नये एवढ्या जपून, आणि मग खालचं टोक चिमटीत धरून ओढलं. चेन बसली. पूर्ण बसली. तिनं वरून तळवा फिरवून पाहिला. मी उभीच होते, आणि रात्रभर जे शब्द मिळत नव्हते ते तिनं पकडीनं करून दाखवलं होतं: शेवटचा तो दाब. आलेल्यांना जवळ दाबणारं कुणी नव्हतं.

"तुला काल ते चित्र दाखवलं ना," मी म्हटलं, "आता नीट होणारी भिंत दाखवते. पाच मिनिटं आहेत?"

तिनं घड्याळ पाहिलं आणि बॅगेवरच टेकली. मी फोल्डर उघडलं. त्यात एक चित्रफीत आहे, जिवंत मुळाच्या टोकाची. त्या दिवशीचं सगळं अजून लख्ख आठवतं. अंधारी खोली, थंड हवा, लेझरचा बारीक घरघराट. पाच दिवसांचं रोप काचपट्टीवरच्या पाण्याच्या थेंबात आडवं घातलेलं, वरची पातळ काच हवेचा बुडबुडा न अडकवता ठेवायला चार वेळा प्रयत्न केलेला. क्नोल्लेला चमकणारं हिरवं प्रथिन जोडलेलं, त्यामुळे ते जिथं असेल तिथं उजेड. सुरुवातीला पेशीभर विखुरलेले ठिपके. मग मधोमध एक आखूड, जाडसर रेघ. ती रेघ दोन्ही बाजूंना वाढत जाते, इतकी हळू की डोळ्यांना वाढताना दिसत नाही, फक्त नजर हलवून परत आणली की लांबलेली असते. मी तेव्हा अर्ध्या तासाहून जास्त वेळ श्वास धरल्यासारखी बसले होते. चित्रफितीत ते सगळं अर्ध्या मिनिटात होतं.

आईनं एकदाही मधे काही विचारलं नाही. रेघ उजवीकडे कडेला टेकली तेव्हा तिनं बोटानं पडद्यावर ती जागा दाखवली. डावं टोक अजून थोडं दूर होतं. ते सरकत होतं. आणि चित्रफीत तिथंच थांबली.

"डावीकडे राहिलंय अजून," ती म्हणाली. "पुढचं कुठाय?"

"पुढचं नाही मिळालं. मूळ वाढत वाढत चौकटीबाहेर गेलं."

"वाढलं ना? मग टेकलं असणार," ती म्हणाली आणि बॅग उचलून उठली.